क्वांटम संगणकातील क्रॉसटॉक : क्रियांच्या परस्पर उपद्रवाचे मोजमाप

१. प्रस्तावना

घराघरांत तारेचे टेलिफोन होते त्या काळी 'क्रॉस कनेक्शन' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा होता. आपले बोलणे चालू असताना मध्येच तिसऱ्याच कोणाचा तरी आवाज ऐकू येई. शेजारून जाणाऱ्या तारांमधील विद्युतसंकेत एकमेकांत झिरपणे हे त्याचे एक कारण असे. दळणवळण अभियांत्रिकीत या झिरपण्याला 'क्रॉसटॉक' म्हणतात. आज हाच शब्द क्वांटम संगणकाच्या संशोधनात वारंवार येतो. एका क्यूबिटवर केलेल्या क्रियेचा परिणाम शेजारच्या क्यूबिटवर होणे, किंवा दोन क्रिया एकाच वेळी केल्याने दोन्ही बिघडणे, असा त्याचा येथील अर्थ आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'व्यतिकरण' ही संज्ञा येते. तरंगांचे व्यतिकरण हे क्वांटम संगणकाचे बळ आहे. चुकीची उत्तरे क्षीण करून योग्य उत्तर ठळक करण्याचे काम तेच करते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून वेगळा आहे. येथे नको असलेल्या हस्तक्षेपाचा विचार करावयाचा आहे.

हा हस्तक्षेप मोजायचा कसा, हा लेखाचा मुख्य प्रश्न. तो केवळ तंत्रज्ञांपुरता नाही. क्वांटम संगणकाकडून अपेक्षा आहे ती नेहमीच्या संगणकांना न सुटणारी गणिते सोडविण्याची. त्यांपैकी अनेक गणितांची उत्तरे पडताळून पाहण्याचा सोपा मार्ग उपलब्ध नसतो. अशा वेळी उत्तरावर विश्वास ठेवायचा तो यंत्राच्या त्रुटींचे मोजमाप पाहूनच. ते मोजमाप अपुरे असेल, तर विश्वासाचा पायाच कच्चा राहतो.

२. क्यूबिट, गेट आणि त्रुटी

नेहमीच्या संगणकातील बिट शून्य किंवा एक असते. क्यूबिट शून्य आणि एक या अवस्थांच्या मिश्र, म्हणजे अध्यारोपित अवस्थेत राहू शकते. क्यूबिटवर केलेल्या नियंत्रित क्रियेला 'गेट' म्हणतात. काही गेट एका क्यूबिटवर, तर काही दोन क्यूबिटवर मिळून चालतात. अतिवाहक क्यूबिटच्या बाबतीत गेट म्हणजे काही दशांश नॅनोसेकंद नव्हे, तर दहा-वीस ते काहीशे नॅनोसेकंद टिकणारा सूक्ष्मलहरींचा किंवा विद्युतप्रवाहाचा स्पंद असतो. आयनांच्या यंत्रात हेच काम बहुधा लेसर किरण करतात.

कोणतेही गेट पूर्ण निर्दोष नसते. गेटची त्रुटी एक टक्का आहे, याचा ढोबळ अर्थ शंभरात एकदा ते चुकते. मात्र हा आकडा कोणत्या परिस्थितीत काढला, हे विचारणे महत्त्वाचे. बाकीची सर्व क्यूबिट शांत ठेवून एकच गेट तपासले, तर त्याला 'एकाकी' मोजणी म्हणू. सर्व यंत्र कामात असताना तेच गेट तपासले, तर ती 'समकालिक' मोजणी. एखाद्या विद्यार्थ्याने शांत खोलीत एकट्याने सोडविलेला पेपर आणि गजबजलेल्या वर्गात सोडविलेला पेपर यांत जो फरक पडेल, तसाच हा फरक आहे. प्रत्यक्ष गणित करताना यंत्रातील अनेक गेट एकाच वेळी चालतात. म्हणून खरी परीक्षा दुसरीच होय.

३. क्रॉसटॉकची उगमस्थाने

क्रॉसटॉकचे कारण एकच नाही. प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) संकेतांची गळती : एका क्यूबिटसाठी पाठविलेल्या सूक्ष्मलहरी शेजाऱ्यापर्यंत पोहोचतात. दोघांच्या वारंवारता जवळजवळ असतील, तर शेजारी तो आपल्यालाच दिलेला आदेश समजतो.

(आ) कायमची जोडणी : दोन क्यूबिटवर मिळून गेट चालवायचे, तर त्यांच्यात काही जोडणी हवीच. ही जोडणी काम नसतानाही थोडीफार शिल्लक राहते. परिणामी एका क्यूबिटची वारंवारता शेजारी शून्यात आहे की एकात, यावर अवलंबून राहते.

(इ) चुंबकीय प्रवाहाची गळती : काही यंत्रांत क्यूबिटची वारंवारता विद्युतप्रवाहाने बदलता येते. एकासाठी सोडलेला प्रवाह दुसऱ्याचीही वारंवारता किंचित सरकवितो.

(ई) वाचनातील गोंधळ : खर्च आणि जागा वाचविण्यासाठी अनेक क्यूबिटचे वाचन एकाच तारेतून केले जाते. त्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात मिसळू शकते.

(उ) लेसरचा फैलाव : आयनांच्या रांगेत दोन आयनांमधील अंतर काही मायक्रोमीटर असते. एका आयनावर रोखलेल्या लेसरची कड शेजाऱ्यालाही लागते.

४. व्याख्येचा प्रश्न

कारणे इतकी निरनिराळी असताना मोजायचे नेमके काय? सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मोहन सरोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यंत्राच्या जातीवर अवलंबून नसलेली व्याख्या मांडली. क्रॉसटॉकविरहित यंत्राने दोन अटी पाळल्या पाहिजेत. पहिली अट स्थानिकतेची : ज्या क्यूबिटसाठी क्रिया आहे, त्यांवरच तिचा परिणाम व्हावा. दुसरी अट स्वतंत्रतेची : इतरत्र कोणती क्रिया चालू आहे, यावर या क्रियेचे स्वरूप अवलंबून नसावे. यांपैकी कोणतीही अट मोडली की क्रॉसटॉकची त्रुटी आहे असे समजावे.

या व्याख्येचा मोठा लाभ असा की, अटींची तपासणी आकडेवारीवरून करता येते. यंत्राचे दोन भाग कल्पावेत, 'क' आणि 'ख'. 'क'मध्ये वेगवेगळ्या क्रिया यादृच्छिकपणे निवडून चालवाव्यात, आणि 'ख'मध्येही तसेच करावे. मग विचारावे : 'ख'मध्ये काय केले हे माहीत असताना, 'ख'चे उत्तर 'क'मध्ये काय केले यावर अवलंबून आहे काय? अवलंबून असेल, तर गळती सिद्ध झाली. कार्यकारणसंबंध शोधण्यासाठी संख्याशास्त्रात ज्या पद्धती विकसित झाल्या आहेत, त्यांचाच येथे उपयोग केला जातो. मात्र या तपासणीतून क्रॉसटॉक आहे किंवा नाही एवढेच प्रामुख्याने कळते. तो किती आणि कोणत्या प्रकारचा, यासाठी पुढील पद्धती लागतात.

५. मोजणीच्या तीन पद्धती

(अ) वारंवारतेतील फरक मोजणे

ही सर्वांत थेट पद्धत असून ती रॅम्से यांच्या प्रयोगावर आधारलेली आहे. क्यूबिट 'क' अध्यारोपित अवस्थेत ठेवून काही काळ मोकळे सोडतात आणि त्याची कला किती फिरली हे पाहतात. त्यावरून त्याची वारंवारता मिळते. हा प्रयोग दोनदा करावयाचा, एकदा शेजारी 'ख' शून्यात ठेवून आणि एकदा एकात ठेवून. दोन वारंवारतांमधील फरक म्हणजेच कायमच्या जोडणीचे माप.

उदाहरणादाखल हा फरक ५० किलोहर्ट्झ धरू. गिगाहर्ट्झमध्ये चालणाऱ्या क्यूबिटच्या तुलनेत तो नगण्य वाटेल. परंतु ३०० नॅनोसेकंदांच्या एका गेटच्या काळात त्यामुळे ५.४ अंशांचा फरक पडतो. अशी दहा गेट लागोपाठ चालली आणि शेजाऱ्याची अवस्था तीच राहिली, तर फरक ५४ अंशांवर जातो. इतका फरक कोणतेही नाजूक गणित बिघडविण्यास पुरेसा आहे.

(आ) समकालिक यादृच्छिक चाचणी

यादृच्छिक चाचणीची कल्पना साधी आहे. एका ठरावीक संचातून गेट चिठ्ठ्या टाकून निवडल्याप्रमाणे घ्यावेत, एकामागून एक चालवावेत आणि शेवटी असे एक गेट चालवावे की, सर्व निर्दोष असते तर क्यूबिट मूळ जागी परत आले असते. प्रत्यक्षात ते दरवेळी परत येत नाही. मालिका जितकी लांब, तितकी परत येण्याची शक्यता कमी. ही घट घातांकी असते. घटीच्या वेगावरून प्रत्येक गेटची सरासरी त्रुटी निघते. सुरुवातीच्या तयारीतील आणि शेवटच्या वाचनातील चुका या वेगात मिसळत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

आयबीएमचे जे गँबेटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हीच चाचणी क्रॉसटॉकसाठी वापरली. त्यांची पद्धत तीन टप्प्यांची आहे. प्रथम फक्त 'क'वर चाचणी, नंतर फक्त 'ख'वर आणि शेवटी दोघांवर एकाच वेळी. समजा 'क'ची त्रुटी एकट्याने ०.१ टक्का आणि एकत्र ०.४ टक्के आली, तर जादा ०.३ टक्के हा 'ख'च्या कामाचा उपद्रव होय. शिवाय तिसऱ्या टप्प्यातील दोघांची उत्तरे जोडीने तपासता येतात. दोघांच्या चुका स्वतंत्र असतील, तर जोडीची घट ही दोन स्वतंत्र घटींच्या गुणाकाराइतकी असली पाहिजे. तशी नसेल, तर चुका एकमेकींशी बांधलेल्या आहेत असे समजते.

एकाकी मोजणीत क्रॉसटॉक का लपतो, याचेही उत्तर येथे मिळते. 'क' एकटा तपासताना 'ख' शून्यात निमूट बसलेला असतो. त्याच्यामुळे 'क'च्या वारंवारतेत पडलेला फरक स्थिर असतो, आणि यंत्राची जुळणी करताना तो आपोआप हिशेबात धरला जातो. 'ख' कामाला लागला की तो शून्य आणि एक यांच्यात हिंदकळू लागतो, त्याबरोबर 'क'ची वारंवारताही हलते आणि जुळणी निरुपयोगी ठरते.

(इ) गेट-संचाचे संपूर्ण चित्रण

यादृच्छिक चाचणी एक सरासरी आकडा देते. रुग्णाला ताप किती हे कळले, पण आजार कोणता हे कळले नाही, अशी ही स्थिती. निदानासाठी 'गेट-सेट टोमोग्राफी' ही पद्धत वापरतात. तीत अनेक निरनिराळ्या मालिका चालवून प्रत्येक गेट प्रत्यक्षात काय करते, याचे संपूर्ण गणिती वर्णन उभे केले जाते. सँडियाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ही पद्धत समकालिक स्वरूपात वापरली आणि दोन आयन-क्यूबिटच्या यंत्रावर तसेच अतिवाहक यंत्रातील दोन क्यूबिटच्या जोडीवर क्रॉसटॉकच्या त्रुटी निरनिराळ्या ओळखता येतात हे दाखविले.

या पद्धतीची मर्यादा तिच्या खर्चात आहे. एका क्यूबिटवरील क्रियेचे पूर्ण वर्णन करण्यास १२ संख्या लागतात, दोन क्यूबिटसाठी २४० आणि तीन क्यूबिटसाठी ४०३२. यावरून मोठ्या यंत्राचे संपूर्ण चित्रण व्यवहार्य नाही हे उघड आहे.

६. एक प्रत्यक्ष उदाहरण : सिकॅमोर

गूगलच्या ५३ क्यूबिटच्या 'सिकॅमोर' या अतिवाहक यंत्रावरील प्रयोग ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची चर्चा 'क्वांटम श्रेष्ठत्वा'च्या दाव्यामुळे झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील छोटा तक्ता अधिक मोलाचा आहे. त्यात सरासरी त्रुटी दोन्ही प्रकारे दिल्या आहेत. एका क्यूबिटच्या गेटची त्रुटी एकाकी मोजणीत ०.१५ टक्के, तर समकालिक मोजणीत ०.१६ टक्के. दोन क्यूबिटच्या गेटची अनुक्रमे ०.३६ आणि ०.६२ टक्के. वाचनाची ३.१ आणि ३.८ टक्के.

या आकड्यांचा एकत्रित परिणाम किती, हे गुणाकार करून पाहता येते. सर्वांत मोठ्या प्रयोगात एका क्यूबिटचे १,११३ गेट, दोन क्यूबिटचे ४३० गेट आणि ५३ वाचने होती. सर्व काही निर्दोष पार पडण्याची शक्यता ढोबळपणे काढू. एकाकी आकडे घेतले तर ती सुमारे ०.७५ टक्के येते. समकालिक आकडे घेतले तर सुमारे ०.१५ टक्के. म्हणजे एकाकी मोजणीवर विसंबणाऱ्याचा अंदाज पाच पटींनी चुकतो. संशोधकांनी दिलेला अंदाज सुमारे ०.२ टक्के होता, अर्थात समकालिक हिशेबाशी जुळणारा.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या सर्वांत मोठ्या प्रयोगाचे उत्तर त्या वेळी थेट पडताळता येत नव्हते. पडताळता येण्याजोग्या लहान आणि सोप्या केलेल्या प्रयोगांत वैयक्तिक त्रुटींचा गुणाकार आणि प्रत्यक्ष मोजलेली निर्दोषता जुळत होती. याच आधारावर मोठ्या प्रयोगाविषयी विधान करता आले. समकालिक मोजणी नसती, तर हा आधारच उरला नसता.

७. मोजणीचा खर्च आणि उपयोग

२० क्यूबिटच्या यंत्रात क्यूबिटच्या १९० जोड्या होतात, ५३ क्यूबिटमध्ये १,३७८. गेटच्या जोड्या तपासायच्या म्हटल्या तर काम आणखी वाढते. त्यात यंत्राचे गुणधर्म दिवसागणिक बदलतात, म्हणून मोजणी पुनःपुन्हा करावी लागते. सगळा वेळ मोजण्यातच गेला, तर गणित करायचे केव्हा?

प्रिन्स्टन विद्यापीठातील प्रकाश मुरली आणि आयबीएमचे संशोधक यांनी २०२० मध्ये यावर व्यवहार्य तोडगा मांडला. आयबीएमच्या २० क्यूबिटच्या तीन यंत्रांवर त्यांनी पाहिले की, तीव्र क्रॉसटॉक प्रामुख्याने निकटच्या गेटमध्ये आढळतो. म्हणून दूरच्या जोड्या वगळाव्यात, परस्परांपासून लांब असलेल्या जोड्यांची मोजणी एकाच वेळी उरकावी आणि जिथे उपद्रव तीव्र आहे तेवढ्याच जोड्या वरचेवर तपासाव्यात. यामुळे मोजणीचा वेळ सुमारे शंभरपटीने कमी झाला.

मोजणीचा उपयोगही त्यांनी दाखविला. ज्या दोन गेटचे पटत नाही, ती एकाच वेळी चालवू नयेत. पण सरसकट सर्व गेट एकामागून एक चालविणे हा उपाय नव्हे, कारण क्यूबिटची अवस्था फार काळ टिकत नाही. थांबण्याचीही किंमत मोजावी लागते. म्हणून कोणाला थांबवायचे आणि कोणाला एकत्र चालू द्यायचे, याचा तोल संगणकीय आज्ञावलीने साधावयाचा. या उपायाने काही गणितांतील त्रुटी ५.६ पटींपर्यंत कमी झाल्याचे त्यांनी नोंदविले.

यंत्राची रचना बदलूनही क्रॉसटॉक कमी करता येतो. सिकॅमोरमध्ये क्यूबिटमधील जोडणी हवी तेव्हा चालू आणि नको तेव्हा बंद करण्याची सोय होती. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या १३३ क्यूबिटच्या 'हेरॉन' यंत्रातही अशी जोडणी असून, तिच्यामुळे क्रॉसटॉक जवळजवळ नाहीसा झाल्याचे कंपनीने म्हटले आहे. अशा विधानाची पारखही शेवटी समकालिक मोजणीनेच करावी लागते.

८. त्रुटीदुरुस्ती आणि क्रॉसटॉक

क्वांटम संगणकाचे भवितव्य त्रुटीदुरुस्तीवर अवलंबून आहे. अनेक क्यूबिट मिळून एक भरवशाचे 'तार्किक क्यूबिट' तयार करावयाचे, ही त्यामागील कल्पना. परंतु तिच्या साध्या हिशेबात एक गृहीतक असते : निरनिराळ्या क्यूबिटच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत.

हे गृहीतक मोडले तर काय होते? दोन क्यूबिट प्रत्येकी एक टक्का वेळा स्वतंत्रपणे चुकत असतील, तर दोन्ही एकदम चुकण्याची शक्यता दहा हजारांत एक. एकाच उपद्रवाने दोन्ही चुकत असतील, तर तीच शक्यता शंभरात एक होते. प्रत्येक क्यूबिटची त्रुटी तेवढीच राहिली, तरी जोडीने चुकण्याचा धोका शंभरपट वाढला. एकच चूक दुरुस्त करू शकणारी संरक्षक रचना अशा जोडचुकीपुढे निष्प्रभ ठरते. म्हणून सरासरी त्रुटीइतकेच चुकांमधील परस्परसंबंधांचे मोजमापही आवश्यक आहे.

गूगलच्या 'विलो' यंत्रावरील प्रयोग डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. संरक्षक रचनेचा आकार एका पायरीने वाढविला की तार्किक त्रुटी २.१४ पटींनी घटते, असे त्यांत दिसले. ही मोठी प्रगती होय. मात्र त्याच यंत्रावरील अधिक लांब, साध्या पुनरावृत्ती-रचनेत सुमारे तासातून एकदा अनेक क्यूबिट एकदम चुकण्याची घटना घडत होती, आणि तिच्यामुळे पुढील सुधारणेला मर्यादा पडली. अशा प्रत्येक घटनेचे कारण क्रॉसटॉकच असते असे नाही. पण बांधलेल्या चुका किती महाग पडतात, हे त्यातून स्पष्ट होते.

९. आपल्याकडील संदर्भ

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये ६ क्यूबिटच्या अतिवाहक यंत्राची चाचणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि टाटा कन्सल्टन्सी यांचा तो संयुक्त प्रकल्प आहे. ६ क्यूबिट ही संख्या जगातील मोठ्या यंत्रांपुढे लहान आहे. तरी ६ क्यूबिटमध्ये केवळ १५ जोड्या असतात, आणि त्या सर्व तपासणे शक्य असते. मोजमापाचे शास्त्र शिकण्यास आणि शिकविण्यास लहान यंत्र सोयीचे असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१०. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, क्वांटम संगणकातील गेटची त्रुटी हा त्या गेटचा एकट्याचा गुणधर्म नाही. शेजारी काय चालले आहे, यावरही ती ठरते. म्हणून एकटे असताना आणि सर्वांबरोबर असताना अशी दुहेरी मोजणी केल्याशिवाय क्रॉसटॉक दिसत नाही.

वृत्तपत्रांत क्वांटम संगणकाविषयी बातमी आली की क्यूबिटची संख्या ठळक अक्षरांत छापली जाते. अशा बातमीवर वर्गात चर्चा करताना शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत. दिलेली त्रुटी एकाकी आहे की समकालिक? ती सरासरी आहे की सर्वांत वाईट जोडीची? मोजणी केव्हा केली आणि पुन्हा केली काय? चुका स्वतंत्र आहेत हे तपासले आहे की गृहीत धरले आहे? या प्रश्नांची उत्तरे ज्या दाव्यात मिळतात, तो दावा लहान यंत्राचा असला तरी अधिक विश्वासार्ह समजावा.